कुडाआडचं कासव

मी संशयी बाई आहे. दूधवाला माप भरताना त्याचा अंगठा मापाच्या आत आहे की बाहेर ते मी बघते. कोणी विनाकारण माझ्या साडीचं कौतुक केलं, तर याला काय हवंय हा विचार आधी मनात येतो. माझ्या सुना म्हणतात की हा स्वभाव जन्माचा आहे. तसं नाही. लग्नाआधी मी चांगली भोळी होते. हा गुण मला सासरी एका कासवाने लावला.

तेव्हा आमचा वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. मी वर्ध्याची. वडील कापसाच्या जिनात कारकून होते, पाठीवर दोन बहिणी होत्या, मी सातवी पास झाले होते. मार्गशीर्षात लग्न होऊन मी देवळीच्या पलीकडच्या एका खेड्यात आले. घरात माणसं तीनच. सासरे, माझा नवरा आणि नवऱ्याची आत्या. सासूबाई आधीच वारल्या होत्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं तशी ती भावाकडे परत आली आणि तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. चौथं माणूस म्हणायचं तर ते कासव.

माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी, उन्हाळ्यात, परसातल्या विहिरीचा गाळ काढताना ते सापडलं होतं, जेवायच्या थाळीएवढं. त्याच दिवशी विहिरीचा झरा फुटला. गाळ काढल्यावर झरा मोकळा होतोच, पण हे सासऱ्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्या लेखी ते पाणी कासवाने आणलं होतं. पुन्हा विहिरीत सोडलं तर बादलीचा मार बसेल म्हणून त्यांनी ते ढोरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीत ठेवलं. डोणी विहिरीजवळ जमिनीत अर्धी रुतलेली होती. आत एक पसरट दगड टाकला होता, त्यावर चढून कासव पाठ शेकत बसायचं. आत्या सकाळी डोणीच्या काठावर चमच्याने टकटक करी, तशी त्याची मान बाहेर येई. कणकेची गोळी, मेथीचे देठ, भिजवलेले पोहे, काहीही चाले. असं आत्या सांगे. मी ते फार थोडे दिवस पाहिलं.

मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्यासाठी न्हाणी केली. तोवर त्या घराला न्हाणी नव्हती. पुरुष विहिरीच्या काठाशी उघड्यावर आंघोळ करत, आणि आत्या उजाडायच्या आत उरकून घेई. पण सून वर्ध्याची, शिकलेली. सासऱ्यांनी गोठ्याच्या भिंतीला धरून काटकोनात तुराट्या रोवल्या, सुतळीने आवळल्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा हात देऊन पुरुषभर उंचीचा कूड उभा केला. आत आंघोळीचा दगड. शेतातली कापसाची वेचणी टाकून अख्खा दिवस ते तिथेच राबत होते. ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. सून सासऱ्याशी बोलत नसे, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला होई, असाच रिवाज होता. पण त्या दिवशी दाराआडून त्यांचे चिखलाने भरलेले हात पाहताना मला रडू आलं. त्या घरात माझ्यासाठी कोणी केलेली ती पहिली गोष्ट होती.

आणि त्याच आठवड्यात कासवाने खाणं सोडलं.

आधी मान अर्धीच बाहेर यायची. मग चमच्याच्या आवाजालाही ते हलेना. डोळे अर्धे मिटलेले, पाय लुळे, कणकेची गोळी तोंडापुढे पाण्यात विरून जायची. आत्या उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राही. एके सकाळी तिने डोणीकडे तोंड करून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तीन हिवाळे खाल्लं त्यानं. याच साली काऊन खात नाई?"

उत्तर शेजारणीकडे तयार होतं. पायगुण. ही शेजारीण मला उखळाशी गाठून गावातल्या गोष्टी सांगायची, आणि सगळ्या माझ्याच भल्यासाठी. गेल्या वर्षी पलीकडच्या आळीत नवी सून आली आणि चौथ्या दिवशी बैल मेला. सून संक्रांतीला माहेरी गेली. तिला घ्यायला कोणी गेलंच नाही, अजून बापाच्या दारात आहे. हे सांगून शेजारीण वर म्हणाली की तू काळजी करू नकोस, बैल वेगळा आणि कासव वेगळं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं मी स्वतःला समजावलं. पण संक्रांत तीन आठवड्यांवर होती. वडील मला न्यायला येणार होते. परत आणायला कोणी आलं नाही तर? मी बापाच्या दारात बसले तर माझ्यामागच्या दोघींना कोण पत्करणार? मला जेवण जाईना. कासव आणि मी, दोघांचाही उपास सुरू झाला. फरक एवढाच, की माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

त्यातच शेजारणीने आणखी एक काडी टाकली. आत्याने म्हणे माझ्या नवऱ्यासाठी आपल्या सासरकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. सासऱ्यांनी ऐकलं नाही आणि वर्ध्याची केली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, निदान मला तो उजेड वाटला. कासवाला खायला घालते कोण? आत्या. ते खात नाही असं सांगते कोण? आत्याच. कुंपणच शेत खात असेल तर राखण कोणी करायची?

मी तिच्यावर पाळत ठेवली. मला डोणीला हात लावायची बंदी होती. तसं कोणी तोंडाने बोललं नव्हतं, पण मी त्या बाजूला गेले की आत्या खाकरायची. म्हणून मी चुलीजवळच्या झरोक्यातून बघत असे. एका दुपारी पुरुष शेतात असताना आत्या डोणीशी गेली, इकडेतिकडे पाहिलं, ओच्यातून काहीतरी काढलं आणि कासवाचं तोंड उघडायचा प्रयत्न करून ते आत दाबलं. ती आत जाऊन लवंडली तशी मी बादली घेऊन पाण्याच्या निमित्ताने गेले आणि डोणीत हात घातला. कासवाने ती गोळी टाकून दिली होती. मी ती बोटांनी फोडली, हुंगली.

हिंग आणि ओवा होता. पोटात दुखणाऱ्या तान्ह्या पोराला देतात तसं चाटण.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण थोडीच. संशयाला एकदा घर दिलं की तो भाडेकरूसारखा सहज निघत नाही. औषधच द्यायचं तर लपून का, असं माझ्या मनात आलं. मग स्वतःच्या हातातल्या रिकाम्या बादलीकडे लक्ष गेलं आणि मी आत पळाले.

माझ्यावरही पाळत होतीच. दुसऱ्याच दिवशी आत्या डोणीतलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगताना दिसली. संध्याकाळी तिने निकाल दिला, की माझ्या साबणाचं पाणी डोणीत झिरपतं. आईने मला लग्नात वर्ध्याच्या दुकानातून वासाचा साबण घेऊन दिला होता. गुलाबी वडी, पत्र्याच्या डबीत. त्या खेड्यात तो वास परसभर दरवळायचा हे खरं. न्हाणीचं पाणी उलट दिशेने, केळीच्या आळ्यात जात होतं, पण ते दाखवून काय उपयोग? आत्याने डबी उचलली आणि आपल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवून दिली. मी बेसन लावून न्हाऊ लागले. चार दिवस गेले, कासव तसंच.

नवऱ्याला विचारून पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, थंडी पडली आहे, त्यालाही झोप येत असेल. या पुरुषांना अर्धं उत्तर सापडतं आणि उरलेलं अर्धं शोधायच्या आधी ते जेवायला बसतात. पण त्याचं अर्धं बरोबर होतं हे मला पुढे कळलं.

ते कळलं एका लुगड्यामुळे. आंघोळ झाली की मी धुतलेलं लुगडं कुडावर वाळत टाकत असे, अर्धं आतल्या अंगाला आणि अर्धं बाहेर, डोणीच्या अंगाला. एके दिवशी दुपारी काढायला गेले तर आतली बाजू खडखडीत वाळलेली आणि बाहेरची ओलीगच्च. माझा पहिला विचार काय आला असेल? आत्याने पाणी शिंपडलं. आता कपड्यांपर्यंत मजल गेली, असं म्हणून मी तणतणत कुडाला वळसा घालून बाहेरच्या बाजूला आले.

कुडाची बाहेरची माती अजून दमट होती. हात लावला तर गार लागली. डोणीच्या काठावर हिरवट शेवाळ धरलं होतं. आणि तो पसरट दगड, ज्यावर कासव पाठ शेकत असे, तो अख्खा सावलीत होता. ऐन दुपारी. ऊन कुडाच्या माथ्यावरून पलीकडे, डोणीच्या पुढे दोन हातांवर पडत होतं. मी तिथेच थांबून राहिले. थोड्या वेळाने ऊन सरकलं आणि गोठ्याची सावली आली. म्हणजे सकाळी कूड, दुपारनंतर गोठा. त्या डोणीत दिवसभरात उन्हाचा कवडसाही पडत नव्हता. त्या दिवसांत आमच्याकडे रात्रीचं ठेवलेलं पाणी सकाळी हाताला चावायचं. त्या पाण्यात बिचारं गारठून पडलं होतं. मागचे तीन हिवाळे मात्र डोणी उन्हात होती.

ज्या पायगुणाला मी मनातल्या मनात हसत होते तो खरा निघाला होता. मी आले म्हणून कूड आला, कूड आला म्हणून ऊन गेलं, आणि ऊन गेलं म्हणून कासव उपाशी राहिलं. शेजारीण बरोबर होती, आत्या बरोबर होती. कुठे तरी पाणी मुरतंय म्हणून मी सगळ्या घरावर नजर ठेवली होती, आणि ते माझ्याच न्हाणीपाशी मुरत होतं.

सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. हे लिहायला आजही जड जातं. बोलले असते तर माझा पायगुण वाईट आहे हे मीच माझ्या तोंडाने कबूल केलं असतं, आणि वर सासऱ्यांनी मायेने बांधलेल्या कुडाला नावं ठेवली असती. कासव उचलून उन्हात ठेवावं तर कोणी पाहिलं की हात धरणार, आणि त्याच वेळी ते मेलं तर मग बोलायलाच नको. दोन दिवस मी काही झालंच नाही अशी वावरले. दोन्ही दिवस आत्या माझ्या डोळ्यांदेखत त्याला ओवा चारत होती आणि मी भाकरी थापत होते.

तिसऱ्या दिवशी तिने बोटाने कासवाचा पाय ढोसला तर त्याने तो आत ओढून घेतला नाही. आत्याने पदर तोंडाला लावला. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग ती उठून आत गेली.

मला माझाच राग आला. पुरुष शेतात गेले होते. मी चुलीमागचा विळा घेतला, परसात गेले आणि कुडाच्या सुतळ्या कापायला सुरुवात केली. शेणमाती सुकून घट्ट बसली होती. तुराट्या उपटताना तळहात सोलवटले. निम्मा कूड पडला तेव्हा मागे खाकरल्याचा आवाज आला.

"काऊन वं, काय करून राह्यली?"

"त्याले ऊन नाई भेटत, आत्याबाई," मी म्हणाले. "मी आली, कूड आला, आन् ऊन गेलं. तुमी म्हनता ते खरंच हाये."

आत्याने वर पाहिलं, मग कुडाकडे, मग डोणीकडे. पडलेल्या भागातून पाण्यावर उन्हाचा पट्टा आला होता. तिला सगळं उमगलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आता ही ओरडेल, शेजारणीला हाक मारेल, असं वाटून मी विळा खाली टाकला. ती ओरडली नाही. उरलेल्या कुडावर तिने हात ठेवला.

"मी या घरात परत आली तवा वीस वर्साची होती," ती म्हणाली. "माह्यासाठी कोनी कूड नाई बांधला. अंधारात अंगावर पानी घेते मी, आजलोक. तुह्यासाठी तिसऱ्या दिवशी बांधला. हा कूड पडला पायजे, असं रोज वाटे मले. आन् आता पाडाचा हाये तं हात नाई उचलून राह्यला."

इतके दिवस मी तिच्या ओच्यात विष शोधत होते, आणि तिच्या मनात होतं ते हे. मी दुसऱ्या टोकाला गेले. थोड्या वेळाने तिनेही आपल्या बाजूच्या तुराट्या धरल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून कूड आडवा केला. मग तिने कासव दोन्ही हातांनी उचलून दगडावर ठेवलं. मला म्हणाली, पाण्यात माती पडली आहे, डोणी घासून घे. डोणीला हात लावायची बंदी अशी उठली.

संध्याकाळी सासरे परत आले. परसात पसरलेल्या तुराट्या त्यांनी पाहिल्या. मग हवेत प्रश्न टाकला, कूड कोणी पाडला. मी दाराआड होते, हातांना हळद लावलेली.

"म्या पाडला," आत्या म्हणाली. "कासवाले ऊन लागत नव्हतं."

आता, हे तिने मला वाचवायला सांगितलं की शोधाचं श्रेय घ्यायला, यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार केला. स्वभाव असा लागलेला होता. पण त्या क्षणी मी दुसरंच काहीतरी केलं, जे माझ्या हातून कसं झालं ते मला अजून सांगता येत नाही. मी दाराआडूनच, पदर पुरता पुढे ओढून, सासऱ्यांशी बोलले.

"मामाजी, नवा कूड बांधसान तं आत्याबाईलेही जाता येईन असा बांधजा."

नवऱ्याने हातातला तांब्या खाली ठेवला. सासरे जेवले, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसले. आता संक्रांतीनंतर घ्यायला यायचं कारण उरलं नाही, असं मी धरूनच चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे विहिरीच्या पलीकडे, डोणीच्या उत्तरेला खड्डे खणत होते. तिथली सावली डोणीवर पडणार नव्हती. या खेपेला तुराट्या दुप्पट लागल्या आणि काम दोन दिवस चाललं. आत दोन दगड बसवले, मातीत हाताने एक खाच कोरली आणि दार आत्याच्या खोलीकडे काढलं. आत्याने दुपारी त्यांना ताक नेऊन दिलं.

कासवाला वेळ लागला. पहिले दोन दिवस नुसतं दगडावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी मान काढली. पाचव्या दिवशी टकटक ऐकून पुढे आलं आणि मेथीचा देठ ओढून नेला. सासऱ्यांनी त्या दिवशी गूळ वाटला. शेजारणीला मी मुद्दाम मोठा खडा दिला.

वडील मला संक्रांतीला घेऊन गेले. जाण्याआधी आत्याने साबणाची डबी मुकाट्याने परत दिली होती. ती मी नव्या कुडातल्या खाचेत ठेवून गेले, माहेरी काय साबणाला तोटा? वर्ध्याला तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, आणि मी रोज खिडकीत. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. आई काही विचारत नव्हती, त्यावरून तिच्या मनात काय आहे ते कळत होतं. पाचव्या दिवशी दारात खासर, म्हणजे आमच्याकडची छोटी बैलगाडी, थांबली. हाकायला नवरा होता आणि मागे गवताच्या पेंढीवर आत्या बसली होती. सुनेला आणायला विधवेला पाठवत नसत. आईच्या चेहऱ्यावर ते उमटलंही. आत्याने तिकडे बघितलंच नाही. कासवाने पुन्हा खाणं सोडलंय, हिला चटकन पाठवा, असं तिने सांगितलं.

वाटभर माझा जीव टांगणीला लागला होता. घरी पोचल्याबरोबर पायही न धुता मी परसात गेले. कासव दगडावर पाठ शेकत होतं, आणि त्याच्या तोंडातून मेथीचं पान लोंबत होतं.

मी मागे वळून पाहिलं, तर आत्या बैलांना पाणी दाखवण्यात फार गुंतलेली होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले आणि साबणाची डबी उघडली. जाताना वडी चांगली बोटभर जाड होती. आता निम्म्यावर आली होती. मधले पाच दिवस मी घरात नव्हते. पुरुष वासाच्या साबणाला हात लावणारे नव्हते. आणि आत्या हल्ली उजाडायच्या आत नव्हे, चांगली उन्हं अंगणात आल्यावर न्हायला जायची आणि खूप वेळ बाहेर यायची नाही. विधवेने असला साबण लावायचा नसतो हे मला ठाऊक होतं, गावाला तर होतंच.

मी संशयी बाई. पण त्या वडीची चौकशी मी कधी केली नाही. पुढच्या बाजाराला नवऱ्याला सांगितलं, दोन वड्या आण. दोन कशाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, वर्ध्याच्या मुलींना साबण जास्त लागतो.